दवंडीचं शेपूट

माझं नाव मुक्ता कुणी ठेवलं ते आधी सांगते. माझ्या बापानं नाय ठेवलं, तो तवर मेला होता. मायनं बी नाय ठेवलं. तिच्या मनात दुसरंच नाव होतं, ते तिनं मला मरेस्तोवर सांगितलं नाय. नाव ठेवलं आमच्या गावच्या कुलकर्ण्यानं. निजामाच्या हातून मुलूख सुटला त्याच महिन्यात पोर जन्मली, तर मुक्ता म्हण हिला, असं त्यानं ओट्यावरूनच सांगितलं आणि वर पायलीभर जवारी दिली. मायला जवारी पाहिजे होती. तिनं नावासकट घेतली.

पण त्या नावानं गावात मला कुणी हाक मारली असेल तर शपथ. मला म्हणायचे रझाकाराची. लग्नाच्या पंगतीत उरलंसुरलं मागायला गेलं की वाढणारा ओरडायचा, ती रझाकाराची मागं ठेवा. आजकालच्या पोरांना रझाकार म्हणलं की एवढंच ठावं की कुणीतरी वाईट. निजामाचं राज्य टिकवायचं म्हणून हत्यारं घेऊन गावोगाव फिरायचे ते रझाकार. लुटायचे, जाळायचे, मारायचे. त्यात खोटं काय नाय. पण माझा बाप कडुबा हा गावचा महार, येसकर. रात्री वेशीवर पहारा करायचा आणि दिवसा दवंडी द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याला रझाकारांनी आपल्या रांगेत तरी उभं केलं असतं का? पण गावाला कोण विचारणार!

आता मी सत्त्याहत्तरची हाय. लग्न होऊन शहरात छावणी भागात आले ती इथंच राहिले. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली, दुसऱ्यांची बाळंतपणं निस्तरली, दीक्षा घेतली, वाचायला शिकले. पोरगा राजेंद्र चितेगावच्या एका कंपनीत हाय, त्याची पोरगी विशाखा यमए झाली. म्हंजे माझं समदं झालं. एकच राहिलं होतं. बापाच्या नावाला लागलेला तो रझाकार मरायच्या आधी कुणीतरी पुसावा, तोही त्याच गावात, समद्यांच्या देखत. माझी एवढी एक भूक होती आणि घरात समद्यांना ते ठावं होतं.

म्हणून यंदा आषाढात हिमांशू आमच्या दारात आला तवा मी हातातलं काम टाकून उठले.

हिमांशू म्हंजे त्याच कुलकर्ण्याचा पणतू. गोरापान, दाढी कोरलेली, बोलायला लई गोड. जाहिरातींचे व्हिडिओ काढायचा धंदा हाय त्याचा. दारात बूट काढले, खाली वाकून नमस्कार केला, चहा घेतला. पूर्ण घेतला. मी कपाकडं बघत होते, उगं खोटं कशाला बोलू. मग त्यानं सांगितलं की सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला गावात वेशीसमोर स्मृतिस्तंभ उभा राहायलाय. त्याचे आजोबा अनंतराव समितीचे अध्यक्ष. रझाकारांनी मारलेल्या गावच्या चार माणसांची नावं दगडात कोरायची ठरली हायेत. आजोबांच्या बोलण्यातून कळलं की त्याच दिवसांत कडुबा नावाचाही एक जण मारला गेला. तर पाचवं नाव त्यांचं टाकावं, म्हंजे स्तंभ सर्वसमावेशक होईल. मी म्हणलं, सर्वसमावेशक म्हंजे काय? तो म्हणला, म्हणजे सगळे आले. मी म्हणलं, बरोबर, समदे आले म्हणायला एक आमच्यातला लागतोच. तो हसला. मला वाटलं लाजेल.

अट काहीच नव्हती, म्हणला. फक्त लेकीनं कॅमेऱ्यासमोर आठवण सांगायची, की रझाकारांनी वडिलांना कसं मारलं. समितीच्या दप्तराला तेवढं पुरे.

तो गेल्यावर राजेंद्रनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत गावी नेलं तवा त्यालाही पोरांनी दगड मारले होते, रझाकाराचा नातू म्हणून, डोक्याला खोक पडली होती. तो लागला हिशोबाला, कंपनीतल्या कुणाकुणाला न्यायचं, गाडी कुठली करायची. विशाखा मात्र भिंतीला टेकून उभी होती. म्हणली, आजी, त्यानं काय विचारलं ते ऐकलंस का नीट? रझाकारांनी कसं मारलं, असं विचारलंय. राजेंद्र तिच्यावर खेकसला. मी कपबशी उचलून आत गेले, कारण पोरगी खरं बोलत होती आणि मला ते त्या दिवशी ऐकायचं नव्हतं.

कारण माझ्या बापाला रझाकारांनी मारलंच नाय. गावानं मारलं. आणि तेही एका शेपटासाठी.

मायनं मला हे दोनदाच सांगितलं. एकदा माझ्या लग्नाआधी, एकदा मरायच्या आधी. दोन्ही वेळा सारखंच सांगितलं, एक शब्द इकडंतिकडं नाय, म्हणून माझा भरवसा हाय. दवंडीला तेव्हा एक शेपूट असायचं. आधी डफ वाजवायचा, मग ऐका हो ऐका म्हणायचं, मग जे काय असेल ते सांगायचं, की पट्टी भरा, हिरीतला गाळ काढायला या, पटकी आलीया पाणी उकळून प्या. आणि शेवटाला ठरलेलं शेपूट लावायचं, "मुलूख हुजूर निजामाचा, हुकूम तहसीलचा हो". ते लावल्याबिगर दवंडी पुरी होत नव्हती. माझ्या बापानं ते त्याच्या बापाच्या तोंडून ऐकलं, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून रोज म्हणलं. मुलूख कुणाचा ह्याच्याशी त्याला काय करायचं होतं? गावात त्याच्या नावावर बोटभर जमीन नव्हती.

रझाकार आले तवा त्यांनीही त्यालाच पुढं घातलं. घरटी एवढं धान्य काढा, नाय तर घर जाळू, अशी दवंडी दे म्हणले. त्यानं दिली. शेपूट लावलं. नाय म्हणला असता तर तिथंच गेला असता. गावानं धान्य काढलं आणि मनात धरलं ते त्या बंदूकवाल्यांना नाय, ते ज्याच्या तोंडून ऐकलं त्याला.

मग हैदराबादेला निजाम शरण आला, हिंदुस्थानची फौज आली. मायच्या तोंडी ते समदं पोलीस ॲक्शन. रझाकार पळाले. गावात मुसलमानांची होती नव्हती ती घरं त्या आठवड्यात रिकामी झाली, ती माणसं कुठं गेली ते कुणी सांगत नाय आणि कुणी इचारत बी नाय. बातमी गावात पोचली त्याच सकाळी कुलकर्ण्यानं माझ्या बापाला ओट्याखाली उभं केलं आणि सांगितलं, जा, दवंडी दे. निजामशाही संपली, मुलूख आता हिंदुस्थानचा झाला, उद्या पारावर झेंडा लागणार, समद्यांनी या. कुलकर्णी सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला माणूस, त्याचा आवाज भरून आला होता म्हणे. माझा बापही खुश होता. माय म्हणायची, त्या दिवशी त्यानं डफ तापवायला लई वेळ घेतला, चांगला वाजावा म्हणून.

आणि पारासमोर उभं राहून त्यानं समदं बरोबर सांगितलं. निजामशाही संपली, सांगितलं. मुलूख हिंदुस्थानचा झाला, सांगितलं. झेंडा सांगितला. आणि मग जीभ सवयीनं गेली. "मुलूख हुजूर निजामाचा, हुकूम तहसीलचा हो."

आधी लोक हसले. माय शेणाची पाटी घेऊन उभी होती, तीही हसली, हे ती दोन्ही वेळा रडत सांगायची. माझा बापही हसला. जीभ चावली आणि पुन्हा डफ उचलला, नीट सांगायला. तेवढ्यात कुणीतरी म्हणलं, बघा, पोटातलं ओठावर आलं, रझाकाराचा कुत्रा हाय हा. मग गावच्या पाटलानं, कारभारी त्याचं नाव, पहिली काठी घातली. बाकीच्या काठ्या कुणाकुणाच्या ते मायनं मोजलं नाय. मी तिच्या पोटात होते, ती पळाली.

असं हाय ते. आता ह्यातून रझाकारांनी मारलं हे कसं काढायचं, तुम्हीच सांगा.

तरी मी गेले, विशाखाला संगती घेऊन. औरंगपुऱ्यात अनंतरावांचं घर, खाली दुकानं, वर दोन मजले, जिन्यात मोटरसायकली. अनंतराव माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, भिंतभर पुस्तकं. मला खुर्ची दिली, स्वतः उठून पंखा लावला. हिमांशूनं समोर कॅमेरा ठेवला, माझ्या पदराला बारका माईक चिकटवला आणि म्हणला, तुम्ही दोघं नुसत्या गप्पा मारा, मी घेत राहतो.

अनंतरावांनी गप्पांची सुरुवात जर्मनीपासून केली. खोटं नाय सांगत. तिकडं म्हणे एकाच देवाची माणसं दोन तऱ्हेनं प्रार्थना करायची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना कापत राहिली, आणि कापून कापून दमली तवा सीमा आखून बसली. मग फ्रान्स. तिथं राजाचं मुंडकं उडवलं, पाद्र्यांना हाकललं आणि जाहीर केलं की आता समदे सारखे. मग आयर्लंड, मग आपली फाळणी, मग हैदराबाद. आज नकाशावर जे देश दिसतात ना मुक्ताबाई, म्हणले, त्यातल्या बहुतेकांच्या पायात असंच काहीतरी पुरलेलं आहे, आधी धर्माचं भांडण, मग उठाव, मग झेंडा, आणि सगळ्यात शेवटी इतिहासाचं पुस्तक. माणूस लई शिकलेला आणि बोलणंही चांगलं, मी ऐकत राहिले. मी म्हणलं, सर, ह्या जर्मनीत दवंडी कोण द्यायचं? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. थोडी करतच होते.

मग ते मराठवाड्यावर आले. म्हणले, हैदराबादेहून बातमी आली तेव्हा औरंगाबादला सुद्धा लोक रस्त्यावर उतरले. हिमांशू कॅमेऱ्यामागून म्हणला, आजोबा, संभाजीनगर. अनंतरावांनी जीभ चावली. म्हणले, अरे हो, छत्रपती संभाजीनगर, ऐंशी वर्षांची सवय रे, जाता जात नाही. हिमांशू हसला. चहा घेऊन आलेली त्याची आई कालिंदीबाई हसली. अनंतरावही हसले.

मला हसू आलं नाय. मला एकदम तो पार दिसला, मी कधी न बघितलेला. मी म्हणलं, सर, माझ्या बापाचंही असंच झालं. तोही असाच बोलून गेला, आणि आधी लोक असेच हसले.

आणि मग मी समदं सांगितलं. डफ, झेंडा, शेपूट, कारभारी पाटलाची काठी. शेवटाला कॅमेऱ्याकडं बघून सावकाश बोलले, म्हंजे ऐकणाऱ्याला चुकायला जागा राहू नये. "माझ्या बापाला रझाकार म्हणून मारलं. गावानं मारलं."

कालिंदीबाई ट्रे तसाच ठेवून आत गेल्या. अनंतरावांनी चहाचा कप उचलून पुन्हा खाली ठेवला. मला वाटलं आता म्हणतील, हे मला ठाऊक नव्हतं. तेवढी तरी लाज राखतील.

"मी ओट्यावर होतो," ते म्हणले. "पाच वर्षांचा. वडिलांनी मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं."

"बाहेर काठ्या चालल्या होत्या तवा?"

"हो."

"मग दार उघडलं कधी?"

"संध्याकाळी. दिवेलागणीला."

मी म्हणलं, मग हेच सांगा की समितीत. तुम्ही अध्यक्ष, तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं, तुमच्या शब्दाला कोण नाय म्हणेल. त्यांनी मान हलवली. रागानं नाय, एखाद्या हुशार पोराला गणित समजावून सांगावं तसे बोलले. "मुक्ताबाई, रझाकारांनी मारलं तर कडुबा हुतात्मा ठरतो. गावानं मारलं तर तो फक्त मेला. फक्त मेलेल्यांचे स्तंभ कुठल्याच देशात नाहीत."

"आणि तुमच्या वडलांचं नाव?"

"ते सत्याग्रही होते. ते वर आहेच."

मी पदराचा माईक काढून टेबलावर ठेवला आणि जिना उतरले. जीव हलका झाला होता, खरं सांगते. नाव नाय लागलं तर नाय लागलं. निदान त्या घरात, त्या माणसासमोर, जे होतं ते बोलून झालं. रिक्षात मी विशाखाला म्हणलं, आपण घरी जाताना भजी घेऊ. एवढी मी खुळी.

पोळ्याच्या आसपास व्हिडिओ आला. राजेंद्रच्या फोनवर आधी आला, मग समद्या गल्लीच्या. सुरुवातीला डफाचा आवाज घातलेला, मग माझं तोंड, सुरकुत्यांसकट. मी म्हणते, माझ्या बापाला रझाकार. तिथं पडदा काळा होतो, आगीचं चित्र येतं, आणि मग माझाच आवाज, मारलं. खाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं, रझाकारांनी मारलं, एका हुतात्म्याच्या लेकीचा हुंदका. हुंदका मी दिलाच नव्हता. चष्मा पुसला होता, तो त्यांनी हुंदक्याच्या जागी वापरला.

मधला एकच शब्द काढला होता. म्हणून. रझाकार म्हणून मारलं, त्यातलं म्हणून गेलं आणि माझा बाप मारणाऱ्यांच्या बाजूनं मरणाऱ्यांच्या बाजूला आला. गाव तर त्यात कुठं नव्हतंच.

मी हिमांशूला फोन लावायला सांगितलं. मला वाटलं उचलणार नाय. त्यानं उचलला आणि तासाभरात दारात हजर झाला, पेढे घेऊन. पेढे! समितीनं नाव मंजूर केलं होतं. मी विचारलं, माझा शब्द कुठं हाय? तो खाली बसला, माझ्या पायाशी, आणि म्हणला, "आजी, एकच शब्द काढला. तो ठेवला असता तर नाव गेलं असतं. तुम्हाला शब्द पाहिजे होता की नाव?"

वाईट याचं वाटलं की पोरगं मनापासून बोलत होतं. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यावर उपकार केले, त्याच्या पणज्यानं दार लावलं त्याची फेड केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याला आनंदाचं वाटलं. विशाखानं पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. तो म्हणला, ते आता समितीकडं जमा आहे, माझ्या हातात नाही. ती त्याला नाय नाय ते बोलली, त्यानं ऐकून घेतलं, पेढ्यांचा डबा ठेवला आणि गेला.

राजेंद्र दारातच उभा होता. एवढा मोठा बाप्या, पोरीच्या देखत रडायला लागला. म्हणला, माय, राहू दे ना आता. एका शब्दानं आज्जा परत येणार हाय का? नाव तरी येतंय. मला एकदा त्या गावात मान वर करून जाऊ दे. त्याच्या डोक्यावरची ती खोक अजून दिसते.

पण माझ्या डोळ्यांतलं खरं पाणी दुसऱ्याच घरानं काढलं. आमच्या भिंतीला भिंत लागून नफीसाबी राहते. तीस वर्षांपासूनची शेजारीण, विशाखा जन्मली तवा सुनेच्या उशाशी रात्रभर बसलेली. तो व्हिडिओ छावणीतल्या पोरांनी आपापल्या फोनवर लावला, वर शिव्या लिहून. नफीसाबीच्या नातवाला शाळेत रझाकार म्हणायला लागले. दुसरीतलं लेकरू, त्याला तो शब्दही नीट म्हणता येत नव्हता, त्यानं घरी येऊन विचारलं, दादी, अपन रझाकार है क्या? नफीसाबीनं हे मला भांडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नळावर घागर भरता भरता सांगितलं आणि म्हणली, तुमी बोले सो सुनी मैं, आपा. बस एवढंच. माझी घागर भरायच्या आधीच ती घरात गेली.

त्या दिवशी मी ठरवलं. स्तंभाच्या कार्यक्रमाला जायचं. हुतात्म्याची लेक म्हणून मला माईक देणारच होते, पत्रिकेत माझं नाव छापलं होतं. तिथं, वेशीसमोर, समद्या गावासमोर काढलेला शब्द परत घालायचा. मग नाव राहो नाय तर छिन्नीनं काढो. विशाखाला सांगितलं, तिनं माझा हात दाबला. राजेंद्रला सांगितलं नाय.

सतरा सप्टेंबरला आम्ही गाडी करून गेलो. पैठण रोडनं चितेगाव मागं पडलं आणि पुढं आत वळलो. गावाचं नाव मी सांगणार नाय, राजेंद्रला अजून तिथं जायचं हाय. वेशीसमोर मांडव, खुर्च्या, शाळेची पोरं, फेटे बांधलेले पाहुणे. अनंतराव आले नव्हते. तब्येत बरी नाय असं हिमांशूनं सांगितलं, आणि मी मनात म्हणलं, दार लावून घेतलं असेल.

दगड काळा होता, पुरुषभर उंच. पडदा सरला. सगळ्यात वर कुलकर्ण्याचं नाव, मग खाली हुतात्मे. अक्षरवार लावलेले, म्हणून माझ्या बापाचं पहिलं आलं. कडुबा, आणि पुढं लिहिलेलं, रझाकारांच्या हल्ल्यात वीरमरण. मला वाटलं होतं की ते वाचून माझं रक्त तापेल. पण मी आधी कडुबा एवढंच वाचलं. सोनेरी अक्षरांत, दगडात, गावाच्या तोंडावर. मी ते दोनदा वाचलं, आणि मला लई चांगलं वाटलं. ते खोटं कसं सांगू? मग पुढचं वाचलं.

मला मांडवात नेऊन मधल्या खुर्चीवर बसवलं. भाषणं झाली. एकानं सांगितलं की रझाकार आजही संपलेले नाहीत, ते आपल्या आजूबाजूलाच आहेत, आणि टाळ्या पडल्या. मला नफीसाबीचं लेकरू आठवलं. मी पदर नीट केला, घसा साफ केला. आता माझंच नाव पुकारणार होते. पण त्याआधी सरपंचाच्या हस्ते हुतात्म्याच्या लेकीचा सत्कार होता.

सरपंच म्हंजे विश्वजीत. कारभारी पाटलाचा नातू. चाळिशीचा, उंच, पांढरे कपडे. त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मग समद्या गावासमोर खाली वाकला, आणि नुसता वाकला नाय, गुडघे टेकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. पाटलाच्या घरातलं डोकं, आमच्या पायावर. मागं म्हातारी माणसं उठून उभी राहिली बघायला. राजेंद्र फोन वर धरून चित्र काढत होता.

हीच वेळ, मी म्हणलं. मी खाली वाकले, त्याच्या कानाशी, आणि म्हणलं, "तुझ्या आज्यानं मारलं माझ्या बापाला."

त्यानं डोकं उचललं नाय. पायावर ठेवूनच हळू बोलला, मला एकटीला ऐकू येईल एवढं.

"ठावं हाय, आज्जी. गावात कुणाला ठावं नाय? म्हणून तर नाव लावायला समद्यांनी हात वर केला. मिटलं म्हणा आता."

तो तसाच राहिला. समदं गाव बघत होतं. त्या समद्यांना ठावं होतं, बायांना, फेटेवाल्यांना, मागं उभ्या म्हाताऱ्यांना, आणि मी जे सांगायला आले होते ते त्यांनी आधीच दगडाखाली घातलं होतं. पायावर डोकं होतं. पायावर डोकं ठेवलेल्या माणसाला बाईमाणूस जे म्हणतं ते मी दवाखान्यात हजार वेळा म्हणले असेन, पहिलटकरणींना, त्यांच्या नवऱ्यांना, कुणाकुणाला. माझा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून निघून गेलं.

"सुखी राहा, बाळा."

माझ्या खुर्चीशी ठेवलेला माईक चालूच होता, कानात बोललेलं त्यात आलं नव्हतं, हे मोठ्यानं आलं. समद्यांनी ऐकलं. एवढ्या टाळ्या पडल्या की शाळेची पोरं दचकली. विश्वजीत उठला, त्यानं डोळे पुसले, आणि माझं नाव पुकारून माईक माझ्या हातात दिला. पुढच्या रांगेत विशाखा माझ्याकडं बघत होती.

मी उभी राहिले. पण आशीर्वाद देऊन झाल्यावर आता फिर्याद कुठल्या तोंडानं करणार होते मी? जय हिंद म्हणलं, जयभीम म्हणलं, आणि बसले.